नाना सोडण्याची रीतसर पद्धत

मनुष्याला तंबाखू सोडता येते, नोकरी सोडता येते, आणि पुरेसे वैराग्य आले तर घरदारही सोडता येते. परंतु रविवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत घरी येणारे गिऱ्हाईक सोडण्याची कोणतीही सोय आपल्या समाजव्यवस्थेत अद्याप झालेली नाही. संन्यास घेण्याचे विधी आहेत. घटस्फोटाचे कायदे आहेत. रेशनकार्डावरून नाव कमी करण्याचा छापील फॉर्म आहे (सध्या संपला आहे, पुढच्या महिन्यात चौकशी करावी). गिऱ्हाइकाचे नाव कमी करण्याचा फॉर्म मात्र छापलाच गेलेला नाही. ही उणीव मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीने यंदा, म्हणजे १९८५ साली, भरून काढली. त्या कार्याची म्हणावी तशी दखल कोणी घेतली नाही, म्हणून आम्हीच घेत आहोत.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर विद्याधर राहतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो चौदा वर्षे स्टोअर्समध्ये होता. तिथे त्याला एकच दुःख होते, ते म्हणजे डोक्यावर साहेब असल्याचे. म्हणून त्याने नोकरी सोडली आणि स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यामुळे साहेबांची संख्या एकावरून चौदावर गेली. (याला स्वातंत्र्य म्हणतात.)

व्यवसाय होता मागणीप्रमाणे कविता करण्याचा. दारावर पाटी लागली : 'बारशाचे पाळणे, मंगलाष्टके, एकसष्टीची मानपत्रे. नातेवाइकांची नावे गुंफून मिळतील.' पाटीतले शेवटचे वाक्य घातले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. कारण मराठी माणसाचा असा पक्का समज आहे, की गुलाबी कागदावर छापलेल्या मंगलाष्टकात आपले नाव येऊन ते लाउडस्पीकरवरून म्हटले गेल्याशिवाय लग्न लागतच नाही. आम्ही एका लग्नात प्रत्यक्ष पाहणी केली. मंडपातल्या २१२ पाहुण्यांपैकी २०९ जणांनी त्या कागदावर आधी स्वतःचे नाव शोधले, दोघांनी कागदाने वारा घेतला आणि एकाने वधूचे नाव वाचले. (तो फोटोग्राफर होता. त्याला ते अल्बमवर घालायचे होते.)

विद्याधरच्या चौदा गिऱ्हाइकांपैकी तेरा साधी होती. चौदावे म्हणजे बोरीवलीचे नाना.

नानांसारखा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही. ते न शोधताच सापडले, एवढीच अडचण होती. मूळचे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, अकरा भावंडांतले थोरले. भाचे, पुतणे, भाच्या, पुतण्या मिळून त्रेपन्न, आणि त्या सगळ्यांच्या लग्नाची मंगलाष्टके करून घेण्याचे खाते नानांनी स्वतःकडे घेतलेले. कधी आवाज चढवणार नाहीत, कधी रिकाम्या हाताने येणार नाहीत. बोरीवलीहून दादरला गाडी बदलून, मुलुंडला उतरून, दर रविवारी नऊच्या ठोक्याला कुळथाच्या पिठाची पुडी घेऊन ते दारात उभे राहत आणि म्हणत,

"एक बारीकसो बदल आसा रे, मेल्या."

नाना घरात असले म्हणजे मालवणी बोलत आणि विद्याधरचे घर त्यांनी आपलेच मानले होते. बदल खरोखरच बारीक असत. पुतणी अनुपमाच्या लग्नाच्या एका मंगलाष्टकात झालेले काही बदल नमुन्यादाखल देतो :

लहूमामांचे नाव रामनाथकाकांच्या आधी घ्यावे (रामनाथकाका समजूतदार आहेत).

रामनाथकाकांचे नाव लहूमामांच्या आधी घ्यावे (रामनाथकाका समजूतदार नाहीत).

दोघांची नावे एकाच वेळी यावीत.

सगुणामावशीने डोंबिवलीस ब्लॉक घेतला, त्याचा उल्लेख व्हावा. ब्लॉकला गॅलरी आहे.

दशरथभाऊजींचे नाव काढावे (भांडण). दशरथभाऊजींचे नाव घालावे (समेट). दशरथभाऊजींचे नाव घालावे, पण मोठ्याने म्हणू नये (अर्धा समेट).

सतराव्या रविवारी 'मामा श्री लहु, रामनाथ, सगुणा, रत्नप्रभा काकुही' ही ओळ बसली, तेव्हा विद्याधरच्या डोळ्यांत पाणी आले. अठराव्या रविवारी नाना म्हणाले, रत्नप्रभा ही काकू नव्हे, मामी आहे.

आमच्या मोजणीनुसार तेरा गिऱ्हाइकांना मिळून विद्याधरचा एकतीस टक्के वेळ लागे आणि एकट्या नानांना एकोणसत्तर. बाकीचा वेळ त्याने झोपावे, जेवावे आणि बायकोशी बोलावे अशी अपेक्षा होती.

मार्च महिन्यात पहिले लक्षण दिसले. रेशनच्या दुकानात विद्याधरचा नंबर सातवा होता. खिडकीतल्या माणसाने विचारले, "काय पाहिजे?" आणि विद्याधर खणखणीत आवाजात, थेट मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणाला,

"द्यावी साखर आज ती मज तरी, रांगेत मी सातवा!"

रांगेतल्या एका म्हातारीने सवयीने पिशवीतले चार तांदूळ त्याच्यावर टाकले.

पुढे हे वाढतच गेले. दूधवाल्याशी, कंडक्टरशी, जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी तो वृत्तातच बोलू लागला. साधे वाक्य तोंडात तयार व्हायचे, पण बाहेर येताना मंगलाष्टकाच्या ओळीसारखे मोजून एकोणीस अक्षरांचे होऊन यायचे. शेवटी त्याला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेले. "काय होतंय?" असे त्यांनी विचारताच तो म्हणाला,

"येते चक्कर सारखीच मजला, गोळी नको हो कडू!"

डॉक्टरांनी नाडी धरून अक्षरे मोजली. एकोणीस भरली. "अतिश्रम," ते म्हणाले. "गिऱ्हाईक कमी करा." कागदावर मात्र त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहिल्या, कारण केमिस्टकडे गिऱ्हाईक कमी करून मिळत नाही.

विद्याधरची बायको शुभा म्युनिसिपल शाळेत शिकवते. तिचे म्हणणे थोडक्यात आणि जिन्यापर्यंत ऐकू येईल असे होते.

"अहो, मी गद्यातल्या माणसाशी लग्न केलं होतं! भाजीत मीठ कमी असेल तर 'मीठ कमी आहे' म्हणा ना. चार-चार ओळी कसल्या म्हणताय? तोवर भाजी गार होते."

विद्याधरने उत्तरादाखल तोंड उघडले. तिने हात वर केला.

"काही बोलू नका. मे महिन्याच्या बारा तारखेपर्यंत तुमचं बोलणं ताळ्यावर आलं नाही, तर मी माहेरी चिपळूणला जाईन. आणि परत ये म्हणून गद्यात पत्र आलं, तरच परत येईन. सांगून ठेवते."

तिने खरोखरच बॅग काढून पुसून ठेवली. विद्याधर हादरला, कारण पत्र गद्यात जमणार नाही हे त्याला ठाऊक होते.

प्रश्न गंभीर होता. सोसायटीच्या सभेत तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, टाकीच्या सफाईनंतर आणि गच्चीवरच्या पापडांच्या आधी चर्चेस आला. एकमताने उपसमिती नेमली गेली. सभासद तीन : तळमजल्यावरच्या जयंतीताई (इमारतीतला एकमेव फोन त्यांच्याकडे असल्याने त्या सर्व समित्यांवर असतात), तिसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश (ते ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरीस आहेत, तिथे नेमके काय करतात ते सांगत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या आकडेमोडीवर सर्वांचा विश्वास आहे), आणि चिटणीस म्हणून आम्ही.

चंद्रप्रकाश म्हणाले, आधी गिऱ्हाईक सोडण्यालायक आहे की नाही हे शास्त्रीय पद्धतीने ठरले पाहिजे. त्यांनी शंभर गुणांची प्रश्नपत्रिका केली. गिऱ्हाइकाची चाहूल लागताच आपण बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो का? (वीस गुण.) तिथे किती वेळ बसतो? (पंधरा मिनिटांना पाच गुण, कमाल पंचवीस.) गिऱ्हाईक स्वप्नात येते का? आल्यास तिथेही बदल सांगते का? आपल्या बायकोला गिऱ्हाइकाच्या सर्व मावश्यांची नावे पाठ आहेत का? पन्नासच्या वर गुण पडल्यास गिऱ्हाईक तत्काळ सोडावे.

नानांना सत्त्याण्णव पडले. तीन गुण कुळथाच्या पिठाबद्दल कापले, पीठ फार चांगले असे.

'तत्काळ' म्हणजे केव्हा, यावर समितीच्या चार बैठका झाल्या. लग्न ठरलेले असताना सोडणे बरे दिसत नाही. लग्न लागल्यावर लगेच सोडले, तर काम साधून घेतल्यासारखे वाटते. सणावाराला कोणी कोणाला तोडून बोलत नाही. चातुर्मासात लग्ने नसतात, म्हणून नाना येत नाहीत, म्हणून त्रास नसतो, आणि त्रास नसताना चांगल्या माणसाला सोडायचे कशाला? हे सर्व वजा जाता चंद्रप्रकाशांच्या हिशेबाने एक दिवस योग्य निघाला : २५ नोव्हेंबर १९८८, दुपारी दोन ते अडीच. जयंतीताई म्हणाल्या, त्या वेळात त्यांच्याकडे कोणी झोपलेले असेल, तेव्हा फोन करता येणार नाही.

शुभाची बारा तारीख जवळ येत होती. म्हणून समितीने मुहूर्ताचा नाद सोडून थेट उपाय केले.

पहिला उपाय, आजारपण. विद्याधर अंथरुणावर पडला. नाना पेजेचा डबा घेऊन आले, उशाशी बसले आणि त्याला बरे वाटावे म्हणून नवीन नावे वाचून दाखवली. दुसरा उपाय, 'घरी नाहीत' असे सांगणे. नाना म्हणाले, "माका घाई नाय." ते पाच तास थांबले. त्या अवधीत त्यांनी मोरीचा गळका नळ दुरुस्त केला आणि जेवूनही घेतले. विद्याधर माळ्यावर होता, त्याचे जेवण राहिले. तिसरा उपाय, दुसऱ्या कवीची शिफारस. घाटकोपरच्या एका होतकरू कवीचा पत्ता नानांना दिला. पुढच्या रविवारी नाना त्यालाही सोबत घेऊन आले, म्हणाले, "ह्येका तुझ्या हाताखाली शिकव."

"तोंडावर सरळ सांगून टाकलं तर?" शुभाने समितीला विचारले.

आम्ही मागची इतिवृत्ते चाळून पाहिली. असे आजवर कोणी केल्याचे कोणाच्याच ऐकिवात नव्हते.

तेव्हा चंद्रप्रकाशांनी अंतिम अस्त्र सुचवले. आपल्याला नानांना सोडता येत नाही, ठीक आहे. नानांनी आपल्याला सोडावे अशी व्यवस्था करू. अनुपमाच्या मंगलाष्टकातून सोनूबाईआत्यांचे नाव गाळायचे.

हे ऐकताच विद्याधर पांढरा पडला. सोनूबाई या नानांच्या धाकट्या बहीण आणि त्या घराण्याच्या अधिकृत रुसणाऱ्या. १९५६ साली त्यांच्या पानात जिलबी उशिरा पडली, तिथून सुरुवात. त्यानंतरच्या एकाही लग्नात त्या रुसल्या नाहीत असे झालेले नाही. त्यांची समजूत काढायला तीन जाणत्या माणसांची तुकडी ठरलेली असे आणि मुहूर्ताच्या वेळापत्रकात त्यासाठी पाऊण तास राखून ठेवत. त्यांच्या नावातली सगळी अक्षरे दीर्घ, म्हणून ते वृत्तात मावत नसे. विद्याधर ते आखूड करून बसवी, त्यावरूनही त्या रुसत. नाव आखूड झाल्यावर ही स्थिती. गाळल्यावर काय होईल? नाना पुन्हा तोंड पाहणार नाहीत, असा समितीचा निष्कर्ष निघाला.

चार मेला, शनिवारी, बोरीवलीच्या हॉलमध्ये लग्न लागले. समिती निरीक्षणासाठी सहकुटुंब हजर होती. (भोजन उत्तम. मसालेभातात काजू.) शेवटचे कडवे संपले. अक्षता पडल्या. नाव आले नाही. हॉलभरच्या माना सोनूबाईंकडे वळल्या. सनईवाल्यानेही हात आखडता घेतला. सोनूबाई उठल्या. समजूत काढणारी तुकडी दोन पावले पुढे सरकली. सोनूबाई तुकडीच्या मधून चालत गेल्या, पहिल्या पंगतीत बसल्या, सावकाश जेवल्या, दोनदा भात मागून घेतला आणि हात धुऊन घरी गेल्या. तुकडी हात जोडलेल्या अवस्थेत उभीच राहिली. त्यातल्या एका गृहस्थांना तीस वर्षांत दुसरे काम माहीत नव्हते. त्यांनी मग वराच्या आईची समजूत काढली. ती रुसलेली नव्हती, पण त्यामुळे रुसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. नऊच्या आधीच विद्याधरच्या दाराची कडी वाजली. दारात नाना नव्हते. सोनूबाई होत्या.

विद्याधर माळ्याच्या शिडीकडे बघू लागला.

"तूच काय रे तो? नाव गाळलस तो?"

त्याने मान हलवली. बोलण्याची सोय नव्हतीच.

सोनूबाई खुर्चीत बसल्या. शुभाने पाणी दिले. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "बरा केलस, झिला. तीस वर्षां झाली. लग्न इला, की सगळी माझ्या तोंडाकडे बघतत. आत्या रुसली काय? कधी रुसतली? नाय रुसली तर म्हणतत, आत्येची तब्येत बरी नाय. कंटाळो इलो माका रुसान रुसान. काल पयल्यांदा गरम जेवलंय."

शुभाने विचारले, "मग आत्या, तुम्ही हे सोडलंत कसं? कोणाला विचारलंत?"

"कोणाक इचारूक नाय. उठलंय, जेवलंय, घराक गेलंय." त्यांनी पदराने तोंड पुसले. "सोडूचा आसता, तां सोडूचा. सभा कसली घेतत?"

(हा उल्लेख आमच्या समितीस उद्देशून होता किंवा कसे, हे अद्याप ठरलेले नाही.)

त्या गेल्या आणि बरोबर नऊ वाजता नाना आले. हातात पिठाची पुडी होती आणि कालचाच गुलाबी कागद. रागाचे चिन्ह कुठेही नाही.

"मेल्या, सोनूचा नाव ऱ्हवला," ते मायेने म्हणाले. "चुकान झाला असतला. एक बारीकसो बदल. नवीन छापून घेव, लोकांच्या घरी जाऊन वाटूया."

लग्न लागून चोवीस तास होत आले होते. नवरानवरी कुलदेवतेला रवाना झाली होती. आणि नाना पेन उघडून बसले होते.

समिती जिन्यात उभी होती. शुभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या पायाशी बॅग. विद्याधर उभा राहिला. त्याचे ओठ हलले, आम्हाला स्पष्ट दिसले, की आत एकोणीस अक्षरे रांग लावून उभी आहेत आणि पहिली तीन दारापाशी आली आहेत. त्याने ती गिळली. दोनदा गिळली.

"नाना," तो म्हणाला, "मी ह्यापुढे तुमचं काम करणार नाही. मी दमलोय."

यमक नव्हते. चाल नव्हती. शुभाने बोटांवर अक्षरे मोजून पाहिली, एकोणीस नव्हती. तिने डोळे पुसले.

नानांनी पेनाचे टोपण लावले आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की गुलाबी कागद टेबलावरून उडाला.

"अरे मेल्या, मगे आधी सांगूक काय झाला तुका? माझे गुडघे गेले तुझे जिने चढान!"

"म्हणजे?"

"तू कारखानो सोडलस. घरात बसलेलो. बायको बारीक झालेली. माका वाटला, पोराक काम नाय, ह्येच्या मनाक लागतला. म्हणान मी आपलो बदल काढून काढून येय होतंय."

"आणि रामनाथकाका? लहूमामा? कोणाचं नाव आधी, त्याचं भांडण?"

"त्येंचा कसला भांडाण? दोघे एका बिडयेत धूर काढतत. नाव छापलेला त्येंका वाचूकच येणा नाय." नाना उठले. गुडघे धरून, पण हसत. "चल, सुटलंय बाबा! आता रविवारी टीव्ही बघूक गावतलो."

विद्याधरने त्यांना खालपर्यंत सोडले. परत येऊन पानावर बसला, आमटीचा घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." त्या तीन शब्दांवर शुभाने बॅग माळ्यावर टाकली. नंतर त्याने बाकीची तेरा गिऱ्हाइकेही तपासली. त्यातल्या पाचांनी सांगितले, की तेही त्याची दया येऊनच येत होते. उरलेल्या आठांवर घर छान चालते.

समितीने आपला अहवाल सादर केला. यश समितीचे आहे, असे त्यात नमूद आहे.

मात्र एक गोष्ट राहिली. चार रविवार टीव्ही पाहून नानांना चुकल्यासारखे होऊ लागले आहे. गुडघेही सुधारले आहेत. परवा ते जयंतीताईंकडे फोन करून म्हणाले, कोणी रिकामा, होतकरू, मनाला लावून घेणारा माणूस असला तर कळवा, त्याला जरा कामात गुंतवू. समितीने तातडीची बैठक घेतली. ज्या माणसाला एका अनोळखी घराण्याच्या मामा-मावश्यांची हकिगत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सवड आहे, त्याला दुसरे काम नसणार, यावर एकमत झाले. त्याप्रमाणे तुमची परिस्थिती आम्ही नानांच्या कानावर घातली आहे. ऐकून त्यांना फार वाईट वाटले. तुमच्या घरी कुळथाचे पीठ चालते ना, एवढेच त्यांनी विचारले आहे.